केडीबस प्रकरण : कर्नलमध्ये काय यावं, काय येऊ नये

लिनक्स डेस्कटॉपवर वायफायच्या चिन्हावर टिचकी मारली की नेटवर्कची यादी उघडते. यादी दाखवणारा प्रोग्रॅम तुमच्या नावाने चालतो. वायफाय प्रत्यक्षात सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, नावाने चालतो. दोघांची मेमरी वेगळी, अधिकार वेगळे, आणि मध्ये कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, घातलेली भिंत. या भिंतीपलीकडे निरोप पोचवायची जी सोय लिनक्सवर रूढ आहे, तिचं नाव डी-बस. २०१३ ते २०१५ या काळात ही सोय उचलून थेट कर्नलमध्ये बसवायचा मोठा प्रयत्न झाला. त्याचं नाव केडीबस. पाठीशी ग्रेग क्रोह-हार्टमन होते, म्हणजे स्थिर कर्नलच्या आवृत्त्या ज्यांच्या हातून निघतात ते गृहस्थ. सोबत सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचे लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स, शिवाय डॅनियल मॅक, डेव्हिड हेरमन, टॉम गुंडरसन अशी कसलेली मंडळी. एवढं पाठबळ असूनही केडीबस कर्नलमध्ये आली नाही.

ही गोष्ट बहुतेक वेळा ‘लिनस टोरवाल्ड्सने (लिनक्सच्या जनकाने) हाकलून लावलं’ अशा एका वाक्यात सांगितली जाते. तसं झालेलं नाही. जे झालं ते जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि माझ्या मते जास्त शिकण्यासारखंही.

डी-बस कशी चालते

२००० च्या आसपास लिनक्सच्या दोन मोठ्या डेस्कटॉपांच्या दोन चुली होत्या. केडीईकडे डीकॉप, ग्नोमकडे कोर्बावर उभी असलेली बोनोबो. २००२ मध्ये हॅवॉक पेनिंग्टन आणि सहकाऱ्यांनी दोघांना चालेल असं डी-बस लिहायला घेतलं. नोव्हेंबर २००६ मध्ये तिची १.० आवृत्ती आली, आणि केडीई ४ ने डीकॉप सोडून तीच धरली. मशीनवर एक सिस्टम बस असते आणि लॉगिन केलेल्या माणसामागे एक सेशन बस. प्रत्येक सेवेला ठरलेलं नाव असतं. त्या नावाने मेसेज टाकला की उत्तर येतं, आणि सेवा झोपलेली असेल तर आधी उठवलीही जाते. ‘बॅटरी उतरली’ यासारखी खबर एकदाच टाकायची, ज्यांनी नाव नोंदवलंय त्या सगळ्यांना ती पोचते.

मधला सगळा कारभार डीबस-डिमन नावाची यूजरस्पेसमधली, म्हणजे कर्नलबाहेर चालणारी, एक साधी प्रोसेस करते. जिल्हा कचेरीतल्या आवक-जावक टेबलासारखं तिचं काम आहे: दोन अधिकारी शेजारच्या खोल्यांत बसत असले तरी कागद त्या टेबलावरूनच जाणार, शिक्का बसणार, क्रमांक पडणार. याचा फायदा असा की निरोपांचा क्रम कधी उलटापालटा होत नाही आणि कोणी कोणाला लिहावं याचे नियम एकाच ठिकाणी पाळले जातात. तोटा उघड आहे. पोटरिंग यांनी मांडलेला हिशेब असा होता: एक विचारणा आणि तिचं उत्तर एवढ्यासाठी मजकुराच्या १० कॉपी होतात, ४ वेळा तपासणी होते आणि सीपीयूला ४ वेळा एक प्रोसेस ठेवून दुसरी हाती घ्यावी लागते. डिमन काढून कर्नलने थेट पोचवलं, तर २ कॉपी, २ तपासण्या आणि २ अदलाबदली पुरतात.

हे आकडे चटकन पटतात, आणि पुढची पंचाईत तिथूनच सुरू झाली. केडीबसची ओळख ‘वेगवान डी-बस’ अशी झाली. खऱ्या गरजा दुसऱ्याच होत्या.

वेगापेक्षा मोठी दोन दुखणी

पहिलं दुखणं ओळखीचं. नेटवर्कमॅनेजरला मेसेज मिळाला; तो पाठवणाऱ्याला तसं करायचा अधिकार आहे का, हे त्याने ठरवायचं आहे. पण त्याच्या सॉकेटच्या (दोन प्रोसेसना जोडणाऱ्या नळीच्या) दुसऱ्या टोकाला पाठवणारा नसतोच, डिमन असतो. मग तो डिमनला विचारतो की हा मेसेज कोणत्या प्रोसेसचा. डिमन एक क्रमांक देतो, पीआयडी. तो घेऊन नेटवर्कमॅनेजर किंवा त्याच्या वतीने परवानगी तपासणारी पोलकिट ही सेवा /प्रॉक या कर्नलच्या नोंदींमध्ये जाऊन बघणार की या क्रमांकाची प्रोसेस कोणाची.

या मधल्या क्षणात काहीही घडू शकतं. ती प्रोसेस मरून तोच क्रमांक दुसऱ्या कोणाला मिळालेला असू शकतो. किंवा लबाड प्रोग्रॅमने विनंती टाकून लगेच स्वतःच्या जागी एखादा सेटयूआयडी, म्हणजे रूटच्या अधिकाराने चालणारा, प्रोग्रॅम चालवलेला असू शकतो. तपासणारा पोचतो तेव्हा त्या क्रमांकावर रूट बसलेला दिसतो, आणि परवानगी मिळून जाते. ही केवळ कल्पना नाही. २०१३ मध्ये पोलकिटच्या पीकेचेक या आज्ञेमध्ये नेमक्या याच जातीची त्रुटी सुरक्षा-त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०१३-४२८८ म्हणून नोंदली गेली. मेसेज निघाला त्या क्षणी पाठवणारा कोण होता, हे खात्रीने फक्त कर्नलला माहीत असतं.

दुसरं दुखणं सुरुवातीचं. मशीन चालू होताना सगळ्या सेवा सिस्टमडी उभ्या करतं, डीबस-डिमनसुद्धा. पण सिस्टमडीशी बोलायची भाषा स्वतःच डी-बस. म्हणजे डिमन उभा राहण्याआधी आणि बंद होताना तो गेल्यावर बोलायचं कसं? यावर सिस्टमडीने /रन/सिस्टमडी/प्रायव्हेट नावाचं एक वेगळं सॉकेट ठेवून वेळ मारून नेली होती. बस कर्नलमध्ये असती तर ती पहिल्या क्षणापासून असती.

यापूर्वी २०१२ मध्ये कोलॅबोरा या कंपनीच्या लोकांनी एएफ_बस नावाचा नवा सॉकेट प्रकार आणून पाहिला होता. मोटारींतल्या लिनक्सला त्याची गरज होती, कारण तिथे कमकुवत चिप आणि गाडी सुरू होताना उडणारा मेसेजांचा भडिमार असा दुहेरी ताण असतो. कर्नलमधला नेटवर्किंगचा भाग सांभाळणारे मेंटेनर डेव्हिड मिलर यांनी तो घेतला नाही. एकाच वेळी अनेकांना, क्रमाने आणि एकही न गाळता मेसेज पोचवायचा, तर त्यातला एक जण हळू वाचत असेल तेव्हा काय करायचं? बाकीच्यांना थांबवायचं की त्या एकाचा मेसेज टाकून द्यायचा? हा प्रश्न पुढे केडीबसच्या मानगुटीवरही बसला.

केडीबसचा आराखडा

केडीबसवाल्यांनी नेटवर्किंगचा रस्ताच टाळला. ऑक्टोबर २०१४ मध्ये पहिले पॅच (कोडमधले बदल) चर्चेला आले तेव्हा ते कॅरेक्टर डिव्हाइसच्या, म्हणजे उपकरणासारख्या उघडायच्या फाइलच्या, रूपात होते. टीकेनंतर त्याचं स्वतंत्र फाइल सिस्टममध्ये रूपांतर झालं. आराखड्यात खरोखर देखण्या गोष्टी होत्या. प्रत्येक घेणाऱ्याची स्वतःची मेमरीची टाकी असते. ती त्याला फक्त वाचता येते. कर्नल पाठवणाऱ्याच्या मेमरीतून मजकूर उचलतो आणि थेट त्या टाकीत ठेवतो, एकच कॉपी. मजकुराच्या आत काय आहे याच्याशी कर्नलला देणंघेणं नाही. खबर कोणाकोणाला हवी हे ठरवायला ब्लूम फिल्टर: पाठवणारा खबरेचा एक लहानसा बिटांचा ठसा सोबत देतो, कर्नल तो घेणाऱ्याच्या ठशाशी ताडून पाहतो. कधीतरी नको असलेली खबरही पोचते, पण हवी असलेली चुकत नाही.

मोठ्या मजकुरासाठी कॉपीसुद्धा नको म्हणून मेमएफडी आला. पाठवणारा मेमरीचा तुकडा तयार करतो, त्यावर ‘आता यात बदल होणार नाही’ असं सील ठोकतो आणि तुकडाच हाती देतो. घेणाऱ्याला बिनधास्त वाचता येतं, वाचता वाचता मजकूर पायाखालून सरकण्याची भीती नाही.

आणि मेटाडेटा. प्रत्येक मेसेजला कर्नल हवी ती माहिती चिकटवून देणार: युजर, पीआयडी, प्रोग्रॅमचं नाव, कमांड लाइन, सीग्रुप (प्रोसेसचा गट), सुरक्षेचं लेबल, आणि कॅपॅबिलिटीज. वर सांगितलेल्या पीआयडीच्या घोटाळ्यावर हा थेट इलाज. पण सगळ्यात कडाक्याचं भांडण इथेच झालं.

एप्रिल २०१५

क्रोह-हार्टमन यांनी लिनक्स ४.१ साठी पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोड आत घ्यायची विनंती, पाठवली आणि विरोधकांनी मुद्दे काढायला सुरुवात केली. सुरक्षेच्या बाजूने अँडी लुटोमिर्स्की सगळ्यांत चिकाटीचे. नेमस्पेस या प्रोसेसना वेगळं ठेवणाऱ्या सोयीचे जाणकार एरिक बीडरमन यांचाही विरोध होता.

लुटोमिर्स्कींचा आक्षेप समजायला कॅपॅबिलिटी म्हणजे काय ते आधी पाहावं लागतं. रूटची अखंड सत्ता कर्नलने तुकड्यांत वाटली आहे: मशीन रीबूट करायची परवानगी हा एक तुकडा, दुसऱ्याच्या प्रोसेसला सिग्नल द्यायची परवानगी हा दुसरा. प्रत्येक तुकड्याचा अर्थ कर्नलच्या आत, एका ठरावीक कामापुरता. केडीबसने हे तुकडे मेसेजवर ओळखपत्रासारखे लावले. आता कोणतीही यूजरस्पेस सेवा म्हणू शकते की याच्याकडे रीबूटचा तुकडा आहे, तर याचं हेही ऐकू. प्रत्येक सेवा आपापल्या समजुतीने अर्थ लावणार. एका कामासाठी दिलेला अधिकार दहा ठिकाणी चालू लागणार, आणि देणाऱ्याला पत्ताही नसणार.

त्याहून वाईट म्हणजे ही चिकटवाचिकटवी आपोआप होते. जास्त अधिकार असलेल्या एखाद्या प्रोग्रॅमला कोणी फसवून मेसेज टाकायला लावला, तर तो प्रोग्रॅम नकळत आपली सगळी पत सोबत पाठवतो. ‘हा अधिकार मी या मेसेजसाठी वापरतो आहे’ असं म्हणायची वेळ त्याच्यावर येतच नाही. युनिक्समध्ये या जातीच्या चुका जुन्या आहेत आणि त्या एकदा रुजल्या की उपटता येत नाहीत.

मला हा आक्षेप पूर्ण पटतो. केडीबसचं दुखण्याचं निदान बरोबर होतं, पण औषधाची मात्रा फार जास्त झाली. ‘पाठवणारा कोण’ एवढंच विचारायचं होतं. उत्तरात त्याची सगळी कुंडली मिळू लागली.

मग टोरवाल्ड्स यांनी स्वतः एक डी-बस बेंचमार्क (वेगाची चाचणी) चालवला, पर्फ हे मोजमापाचं साधन लावून वेळ कुठे जातो ते पाहिलं, आणि वेगाच्या मुद्द्यातली हवाच काढून घेतली. निष्कर्ष त्यांच्या नेहमीच्या, छापता न येणाऱ्या भाषेत होता. सभ्य मराठीत सांगायचं तर: वेळ कर्नलमध्ये जात नाही, यूजरस्पेसमधल्या लायब्रऱ्यांच्या गचाळ कोडमध्ये जातो. तो आधी नीट करा. डिमन काढून टाकणं हे त्या दुखण्याचं उत्तर नाही.

इथे एक गोष्ट केडीबसच्या बाजूने सांगायला हवी. बाकीच्या जगात कर्नलमधला मेसेज-व्यवहार ही काही नवलाई नाही. क्यूएनएक्स ही ऑपरेटिंग सिस्टम त्याच्यावरच उभी आहे, मॅकओएसमध्ये माख या कर्नलचे पोर्ट आहेत. १९९२ साली संगणकशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम आणि टोरवाल्ड्स यांची मायक्रोकर्नलवरून जुंपली होती. मायक्रोकर्नलची कल्पनाच अशी की कर्नलने बाकी सगळं बाहेर काढावं आणि निरोप पोचवायचं काम तेवढं आपल्याकडे ठेवावं. लिनक्सने बरोबर उलटं केलं: टीसीपी आत, फाइल सिस्टम आत, ड्रायव्हर आत, आणि निरोप्या बाहेर.

आणखी गंमत बाइंडरची. अँड्रॉइडचा कर्नलमधला हा निरोप्या फेब्रुवारी २०१५ च्या लिनक्स ३.१९ मध्ये स्टेजिंगमधून (कच्च्या कोडच्या जागेतून) बाहेर काढून रीतसर जागेवर बसवला गेला, केडीबसच्या पुल रिक्वेस्टच्या दोनच महिने आधी. तोही क्रोह-हार्टमन यांच्याच हातून. बाइंडरचा आराखडा केडीबसपेक्षा निर्दोष होता म्हणून हे झालं नाही. तो कोट्यवधी फोनांत आधीच चालत होता, त्याचा इंटरफेस बदलण्याची वेळ कधीच निघून गेली होती. मग कर्नलबाहेर ठेवून काय साधणार?

केडीबसबाबत धाकधूक होती ती याचीच दुसरी बाजू. कर्नलचा अलिखित कायदा एकच: चालणारा प्रोग्रॅम मोडायचा नाही. कर्नलने यूजरस्पेसला एखादा इंटरफेस दिला की तो कायमचा. डीबस-डिमनमध्ये चूक झाली तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होते, नाहीतर अख्खा डिमनच बदलता येतो. कर्नलमध्ये तीच चूक वारसाहक्काने पुढच्या पिढ्यांना जाते.

तरीही टोरवाल्ड्स ‘घेईन’ म्हणाले

४.१ मध्ये केडीबस आली नाही. जूनमध्ये लुटोमिर्स्कींनी थेट विचारलं की घ्यायची की नाही, ते सांगा. टोरवाल्ड्स यांचं उत्तर आजही मला सगळ्या प्रकरणातलं सगळ्यांत बोलकं वाटतं. त्यांचा आशय असा: मी ती बहुधा घेईनच, कारण माझा माझ्या मेंटेनरांवर विश्वास आहे, विशेषतः ग्रेगवर, मात्र वेगाच्या युक्तिवादाने माझी निराशा झाली आहे.

म्हणजे दार बंद नव्हतं. कर्नलच्या मालकाने ‘मला कारण पटलं नाही, पण माणसावर विश्वास आहे’ असं म्हटलं होतं. ही व्यवस्था बरी की वाईट यावर वाद घालता येईल. इतका मोठा प्रकल्प नेहमी अशाच विश्वासाच्या साखळीवर चालतो. प्रत्येक ओळ एकाच माणसाने तपासायची तर काम ठप्प होईल. पण तो विश्वास उलट दिशेनेही दडपण आणतो. ज्याच्या शब्दावर एवढं कायमचं काही आत येणार, त्याला स्वतःला शंका असेल तर पाऊल टाकवत नाही.

वातावरणही निवळलेलं नव्हतं. एप्रिल २०१४ मध्ये कर्नलची ‘डीबग’ ही बूट-सूचना सिस्टमडीनेही वाचून लॉगचा पूर आणल्यावरून मोठी खडाजंगी झाली होती, आणि सीव्हर्स यांचा कोड घेणार नाही असं टोरवाल्ड्स यांनी जाहीर केलं होतं. डेबियन या लिनक्स वितरणात (वापरायला तयार संचात) सिस्टमडीवरून उभी फूट पडली होती. केडीबस म्हणजे सिस्टमडीचा कर्नलमधला पाय, असं अनेकांना वाटत होतं. तांत्रिक आक्षेप आणि राग यांची सरमिसळ झाली, आणि समर्थकांनी आक्षेपांनाही राग समजून झटकून टाकलं. लुटोमिर्स्कींच्या बाबतीत हे सरळसरळ चुकलं.

सिस्टमडीच्या २२१ व्या आवृत्तीत केडीबसचा आधार आपोआप (डिफॉल्ट) चालू ठेवला गेला आणि वितरणांनी ती वापरून पाहावी असं आवाहन झालं. फेडोरा या वितरणाने आपल्या सतत बदलत्या रॉहाइड शाखेत ती घेतली. पुल रिक्वेस्ट मात्र ४.२ लाही आली नाही, ४.३ लाही नाही. २०१५ संपता संपता फेडोराने रॉहाइडमधून केडीबस काढली, कारण लेखकांनीच ती मागे घेऊन पहिल्यापासून विचार करायचं ठरवलं होतं.

गाठोडं सुटल्यावर

केडीबस हे एक गाठोडं होतं. वेग, ओळखीची खात्री, बूटच्या सुरुवातीपासून उपलब्धता, बिनकॉपीचा मोठा मजकूर, हे सगळं एकाच गाठीत. ‘घ्या नाहीतर सोडा’ असं विचारलं की विरोधकाला एका धाग्यावर बोट ठेवून सगळं अडवता येतं. गाठ सुटल्यावर प्रत्येक धाग्याचं वेगळं उत्तर निघालं.

मेमएफडी आणि सील हे तर वाद तापण्याआधीच, ऑक्टोबर २०१४ च्या लिनक्स ३.१७ मध्ये हेरमन यांच्या हातून आले. आज वेलँड या स्क्रीन-व्यवस्थेचे प्रोग्रॅम स्क्रीनवरचे बफर देताना ते सर्रास वापरतात. त्याचा केडीबसशी काही संबंध होता हे कोणाच्या गावीही नसतं.

वेगाचं आणि भरवशाचं उत्तर यूजरस्पेसमध्येच सापडलं. हेरमन आणि गुंडरसन यांनी मध्ये २०१६ साली बस१ नावाचा आणखी एक कर्नल प्रस्ताव आणला. त्यात नावं नव्हती, सार्वजनिक बस नव्हती, मेटाडेटाचा पसारा नव्हता. ज्याच्या हाती हँडल, म्हणजे कर्नलने दिलेली खूण, त्यालाच बोलता येणार. कल्पना केडीबसपेक्षा स्वच्छ होती, पण तीही कर्नलमध्ये गेली नाही. मग २०१७ मध्ये त्याच दोघांनी डीबस-ब्रोकर काढला, म्हणजे जुन्या डिमनच्या जागी नवा, फक्त लिनक्ससाठी लिहिलेला डिमन. प्रत्येक मेसेजने अडवलेल्या मेमरीचा हिशेब युजरच्या नावावर मांडला जातो. कोणी बस तुंबवायला लागला तर त्याला बाहेर काढलं जातं. हळू वाचणाऱ्याचं काय करायचं, या जुन्या प्रश्नाचं हे रोखठोक उत्तर. २०१९ च्या फेडोरा ३० पासून तोच आपोआप मिळणारा (डिफॉल्ट) डिमन झाला, २०२४ मध्ये आर्च लिनक्सही त्याच्याकडे वळलं. टोरवाल्ड्स जे शिव्यांच्या भाषेत म्हणाले होते, ते केडीबसच्याच लेखकांनी शांतपणे करून दाखवलं.

ओळखीच्या प्रश्नाला सगळ्यांत जास्त वेळ लागला. पीआयडी हा क्रमांक पुन्हा वापरला जातो ही मूळ अडचण. कर्नलमध्ये पीआयडीएफडी आला, म्हणजे प्रोसेसचा असा हँडल जो कधीही दुसऱ्या प्रोसेसचा होत नाही. २०२३ च्या लिनक्स ६.५ मध्ये सॉकेटच्या समोरच्या टोकाचा पीआयडीएफडी मागायची सोय झाली, आणि डिमन तो पुढे देऊ शकतो. कुंडली नाही, अधिकारांची यादी नाही. समोरचा नेमका कोण, एवढंच पक्कं. कर्नलला ठाऊक असलेली नेमकी एक गोष्ट बाहेर यायला केडीबसपासून आठ-दहा वर्षं गेली, पण ती आली तेव्हा कोणी भांडलं नाही.

बूटच्या सुरुवातीच्या अडचणीला सिस्टमडीने वेगळीच वाट काढली: व्हारलिंक. यात मधला निरोप्याच नाही. प्रत्येक सेवेचं आपलं सॉकेट, त्यावर जेसन या मजकुराच्या साध्या मांडणीतून विचारणा आणि उत्तर. २०२० च्या २४५ व्या आवृत्तीपासून युजरांच्या नोंदी विचारायला तो आहे आणि नंतर पसरत गेला आहे. डिमन उठायची वाट पाहावी लागत नाही. मात्र एकाने टाकलेली खबर सगळ्यांना पोचवणारं सामाईक ठिकाण त्यात नाही, त्यामुळे डेस्कटॉपची बॅटरी, ब्लूटूथ आणि वायफाय अजून डी-बसवरच बोलतात, डिमनमधूनच.